मशीनचं ॲनिमेशन बघून ऑर्डर देऊ नका, टॉर्कचा ग्राफ मागा



मागच्या व्हिडिओत आपण द्रोण बनवणाऱ्या क्रँक मशीनचं मोशन सिम्युलेशन स्क्रीनवर करून बघितलं. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून तेच आकडे इथे निवांत मांडतोय. सोबत माझं मतही सांगतो, कारण या विषयात नवीन उद्योजकांचे पैसे चुकीच्या गोष्टीवर जाताना मला रोज दिसतात.

मत सरळ आहे. तुम्ही नवीन डिझाइनचं मशीन बनवून घेत असाल, किंवा चालू मशीनमध्ये मोठा बदल करत असाल, तर लोखंड कापायच्या आधी त्याचं मोशन सिम्युलेशन करा. पण त्यातून निघणाऱ्या चकचकीत व्हिडिओला एक रुपयाही किंमत देऊ नका. पैसे द्यायचे ते आकड्यांचे: मोटरला किती टॉर्क लागेल, पिनवर किती जोर येईल, कुठला पार्ट कुठे घासेल.

मी इंजिनिअर नाही. बीबीए केलंय, मोटर-बेअरिंग-बेल्ट-पुलीचं दुकान चालवतो आणि नवउद्योजकांना शिकवतो. त्यामुळे मशीन बनवणाऱ्याचा चेहरा मला उशिरा दिसतो, मशीन अडल्यावर धावत येणाऱ्याचा आधी दिसतो. "दादा, एक एचपीची मोटर बदलून दोनची द्या" हे वाक्य माझ्या काउंटरवर इतक्या वेळा ऐकू येतं की मोजणं सोडलंय. दर वेळी मोटर लहान असते असं नाही. बऱ्याच वेळा मोटर किती लागेल हा हिशोबच कोणी केलेला नसतो.

ॲनिमेशन वेगळं, सिम्युलेशन वेगळं

स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोळ होतो. क्रँक फिरतो, रॅम खाली येतो, वर जातो. गिऱ्हाईक खूश.

ॲनिमेशनमध्ये सॉफ्टवेअरला फक्त आकार आणि जोड माहीत असतात. पार्ट लोखंडाचा आहे की थर्माकोलचा, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. सिम्युलेशनमध्ये वजन, गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि कामाचा जोर धरून गणित सुटतं.

सॉलिडवर्क्सचं उदाहरण घ्या. त्यातल्या मोशन स्टडीत तीन पर्याय मिळतात. पहिला 'ॲनिमेशन', म्हणजे निव्वळ हालचाल. दुसरा 'बेसिक मोशन', जो वजन, स्प्रिंग, टक्कर वगैरे ढोबळ धरतो आणि मुख्यतः सादरीकरणासाठी आहे. तिसरा 'मोशन ॲनालिसिस', ज्यात बलांचं खरं गणित सुटतं आणि टॉर्कचे ग्राफ निघतात. हा तिसरा साध्या पॅकेजमध्ये येत नाही, वरच्या पॅकेजमध्ये येतो. ऑटोडेस्क फ्यूजनमधली 'मोशन स्टडी' तर जॉइंट कसे हलतात एवढंच दाखवते. तिला बलाचा पत्ता नसतो.

म्हणून कोणी म्हणालं की "साहेब, सिम्युलेशन करून दिलंय", तर पहिला प्रश्न विचारा: "कुठल्या पर्यायात केलंय?" आणि दुसरा: "मोटर टॉर्कचा ग्राफ आहे का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुमच्या हातात कार्टून आहे.

एक मशीन, चार उत्तरं

आता आकडे. मशीन तेच: क्रँक, कनेक्टिंग रॉड, रॅम आणि खाली डाय. समजा,

- स्ट्रोक ८० मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४० मिमी
- कनेक्टिंग रॉड १६० मिमी
- क्रँकचा वेग मिनिटाला ४० फेरे
- रॅम आणि वरची डाय मिळून ३० किलो
- दाबायचा जोर १ टन, म्हणजे अंदाजे १०,००० न्यूटन

हे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या कागदाला, तुमच्या डायला वेगळा जोर लागेल. पद्धत मात्र हीच.

पहिलं उत्तर. कामाचा जोर दिलाच नाही, मशीन नुसतं फिरवलं. मोटरला फक्त रॅमचं वजन उचलायचंय. टॉर्क येतो साधारण १२ न्यूटन-मीटर आणि पॉवर सुमारे ५० वॅट. हा आकडा बघून कोणी म्हणेल, "पाव एचपी भरपूर झाली."

दुसरं उत्तर. १ टनाचा जोर रॅम खाली येताना पूर्ण ८० मिमी लावला. टॉर्क जास्तीत जास्त ४१० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. ४० आरपीएमला त्याची पॉवर होते साधारण १,७२५ वॅट, म्हणजे २.३ एचपी. बाजारात जाऊन ३ एचपीची मोटर घेतली जाते.

तिसरं उत्तर. प्रत्यक्षात डाय कागदाला टेकते ती शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये. जोर फक्त शेवटच्या ५ मिमीत लावला. तेव्हा क्रँक खालच्या टोकापासून साधारण २६ अंशांवर असतो आणि त्या स्थितीत त्याला यांत्रिक फायदा जास्त मिळतो. टॉर्क येतो सुमारे २१५ न्यूटन-मीटर, पॉवर ९०० वॅट, म्हणजे १.२ एचपी. जोर तोच १ टन, पण गरज जवळजवळ निम्मी.

चौथं उत्तर. हे ९०० वॅट लागतात तरी किती वेळ? दाबण्याचा काळ आहे जेमतेम ०.११ सेकंद, आणि एक फेरा आहे दीड सेकंदाचा. काम किती झालं? १०,००० न्यूटन गुणिले ०.००५ मीटर, म्हणजे ५० ज्यूल. सेकंदाची सरासरी काढली तर फक्त ३३ वॅट. बाकीचा वेळ मोटर रिकामी फिरतेय. म्हणजे फ्लायव्हील लावून ती ऊर्जा साठवली, तर घर्षण आणि बेल्ट-गिअरमधलं नुकसान धरूनही अर्धा एचपीपासून विचार सुरू करता येतो.

आता मुद्दा लक्षात घ्या. या चारही वेळा स्क्रीनवरचा व्हिडिओ एकसारखा दिसतो. रॅम तसाच खाली, तसाच वर. फरक फक्त ग्राफमध्ये आहे. पाव एचपी आणि तीन एचपी यातला फरक डोळ्यांना दिसत नाही, खिशाला दिसतो.

फ्लायव्हील कुठल्या शाफ्टवर?

फ्लायव्हीलचं एक गणित मला फार आवडतं, कारण ते दुकानातल्या चर्चेत कायम चुकतं. समजा हेच ५० ज्यूल फ्लायव्हीलमधून घ्यायचेत आणि वेगात १० टक्क्यांच्या आतच चढउतार चालेल. मधल्या शाफ्टचा वेग ३०० आरपीएम असेल, तर ४०० मिमी व्यासाचं, २५ मिमी जाडीचं, साधारण २५ किलोचं सपाट चाक पुरतं. तेच काम ४० आरपीएमच्या क्रँकशाफ्टवर करायचं म्हटलं तर त्याच व्यासाचं चाक जवळपास १,४०० किलोचं लागेल! कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ३०० भागिले ४० म्हणजे साडेसात, आणि साडेसातचा वर्ग छप्पन्न.

"फ्लायव्हील लावलंय, पण फरकच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी ते कुठल्या शाफ्टवर आहे ते बघावं.

सेटअप करताना या सात गोष्टी बघा

सॉफ्टवेअर कुठलंही असो, गाडी अडते ती याच ठिकाणी. स्वतः करत असाल तर यादी म्हणून वापरा. दुसऱ्याकडून करून घेत असाल तर प्रश्न म्हणून वापरा.

१. मटेरियल दिलंय का? सॉलिडवर्क्समध्ये पार्टला मटेरियल दिलं नाही तर तो घनता पाण्याएवढी धरतो, म्हणजे घनमीटरला १,००० किलो. स्टीलची घनता ७,८५० च्या आसपास. म्हणजे तुमचा ३० किलोचा रॅम कॉम्प्युटरमध्ये चार किलोचा होतो. सगळा हिशोब तिथेच बसला.

२. फ्रेम स्थिर आहे का, आणि एकत्र हलणारे पार्ट एकत्र बांधलेत का? रॅम, वरची डाय, हिटर प्लेट, बोल्ट हे सगळं एकच वस्तू म्हणून हललं पाहिजे. प्रत्येक बोल्ट सुटा ठेवून जॉइंट दिले, की सॉफ्टवेअर रडायला लागतं.

३. जोड गरजेपेक्षा जास्त झालेत का? दाराला तीन बिजागऱ्या असतात. खऱ्या दाराला चालतात, पण गणिताला एकच पुरते. सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही दिल्या तर दार फिरेल व्यवस्थित, पण कुठल्या बिजागरीवर किती भार आहे, याचं उत्तर भरवशाचं राहत नाही. एखाद्या बिजागरीवर चक्क शून्य दाखवेल. आपल्या क्रँक मशीनमध्येही तसंच. तीन पिन-जोड आणि एक सरकता जोड दिला, तर तीन बंधनं जास्तीची होतात. उपाय सोपा आहे. कनेक्टिंग रॉडच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसऱ्या टोकाला सिलिंड्रिकल जॉइंट द्या. हालचाल तीच राहते, आणि पिनवरचे आकडे खरे येतात. ते आकडे महत्त्वाचे, कारण पिनचा व्यास आणि बुशची निवड त्यावरच ठरते.

४. मोटर कशी दिलीय? हा सगळ्यात मोठा सापळा. आपण सहसा "४० आरपीएम कायम" असं देतो. मग सॉफ्टवेअर काय वाटेल ते करून ४० आरपीएम राखतं. त्याची मोटर कधीच दमत नाही. मोटर किती लागेल हे शोधायला ही पद्धत ठीक आहे. पण फ्लायव्हीलचा उपयोग यात दिसणारच नाही, कारण वेग पडलाच नाही तर चाक ऊर्जा देणार कधी? फ्लायव्हील तपासायचं असेल तर मोटरला वेग न देता टॉर्क द्या, आणि वेग किती पडतो ते ग्राफमध्ये बघा. शिवाय सुरुवातीला वेग हळूहळू चढवा. शून्य सेकंदालाच पूर्ण वेग दिला तर ग्राफच्या सुरुवातीला टॉर्कचा एक खोटा सुळका येतो आणि लोक त्यावरून मोटर निवडतात.

५. कामाचा जोर कुठे आणि कधी लावलाय? जोर फक्त रॅमच्या जागेवरून लावला (शेवटचे ५ मिमी आले की १ टन) तर तो वर जातानाही लागतो, आणि कागद रॅमला स्प्रिंगसारखा वर ढकलतो. दिलेली ऊर्जा परत मिळते आणि सरासरी पॉवर शून्याच्या जवळ येते. अशी कमाई धंद्यात कुठेच नसते! म्हणून जोर क्रँकच्या कोनाशी जोडा, खाली जातानाच लागेल असा. आणि एकदम शून्यावरून १ टनावर उडी मारू देऊ नका, थोडा चढ द्या. नाहीतर गणित मध्येच अडकतं.

६. टक्कर किती ठिकाणी तपासताय? दिसेल तिथे कॉन्टॅक्ट लावला तर कॉम्प्युटर रात्रभर घरघरत राहील. जिथे खरंच आपटण्याची शक्यता आहे तिथेच लावा. रॉड फ्रेमला घासतोय का, एवढंच बघायचं असेल तर इंटरफेरन्स तपासणी पुरते.

७. एका सेकंदात किती वेळा मोजताय? आपला दाबण्याचा काळ ०.११ सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम ठेवल्या तर त्या काळात जेमतेम तीन बिंदू येतात. टॉर्कचं खरं शिखर दोन बिंदूंच्या मध्ये निसटू शकतं. अशा वेळी २०० फ्रेम ठेवा. थोडा वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

उत्तर आलं, आता गल्ला जुळवा

दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो ना? बिलिंगच्या सॉफ्टवेअरने सांगितलं म्हणून मान्य करत नाही. इथेही तेच.

सिम्युलेशनच्या आधी कागदावर ढोबळ हिशोब करा. जोर गुणिले क्रँकची त्रिज्या: १०,००० गुणिले ०.०४ म्हणजे ४०० न्यूटन-मीटर. ही साधारण वरची मर्यादा झाली. सिम्युलेशनने ४,००० दाखवलं तर कुठेतरी मिलिमीटर-मीटरचा घोळ आहे. ४ दाखवलं तर जोर लागलाच नाहीये. २१५ दाखवलं तर, "हां, शेवटच्या टप्प्यात जोर आहे, म्हणून कमी आलं" असं तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे.

ज्याला कागदावर चार ओळींचा हिशोब जमत नाही, त्याने दिलेला रंगीत ग्राफ मी तरी धरत नाही. डिग्री काहीही असो.

हिशोब जुळला की मग सिम्युलेशनची खरी मजा सुरू होते, कारण आता बदल फुकटात करून बघता येतात. उदाहरणार्थ, मशीनची उंची कमी करायला कोणी सुचवलं की "रॉड १६० चा १०० करा." करून बघा. दाबताना रॅम गाइडवर आडवा जोर ११० किलोच्या आसपास होता, तो १७० किलोच्या आसपास जातो. म्हणजे गाइड बुश लवकर झिजणार. उंची वाचली, पण मेंटेनन्स वाढला. हा निर्णय तुमचा, पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

"मोठी मोटर टाका, कटकट मिटली"

हा सल्ला सगळीकडे मिळतो. मोटर विकणारा म्हणून मला तो फायद्याचाच आहे, तरी मी विरोध करतो.

एक, दोन-तीन एचपीच्या पुढे गेलात की थ्री फेजचा विषय निघतो. घरातून किंवा गावातल्या गाळ्यातून सुरुवात करणाऱ्याला तो खर्च आणि ती वाट बघणं परवडत नाही.

दोन, क्रँक मशीन खालच्या टोकाजवळ प्रचंड जोर तयार करतं. डायमध्ये चुकून पाना राहिला, किंवा दोन गठ्ठे एकदम गेले, तर लहान मोटर थांबते किंवा बेल्ट घसरतो. मोठी मोटर थांबत नाही. मग वाकतो रॉड, तुटते पिन, किंवा चिरते फ्रेम. तीनशे रुपयांचा बेल्ट वाचवायला डायचा बळी जातो.

तीन, आणि हे पैशांपेक्षा मोठं आहे: हात. समोर बसून कागद सरकवणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातलीच असते. रॅमची हालचाल स्क्रीनवर बघताना बोट कुठे सापडू शकतं ती जागा शोधा आणि गार्ड तिथेच ड्रॉइंगमध्ये काढून घ्या. मशीन तयार झाल्यावर गार्ड "नंतर बसवू" म्हटलं, की तो कधीच बसत नाही.

सिम्युलेशन काय सांगत नाही

हेही तितकंच स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणी डोक्यावर बसणार नाही.

मोशन सिम्युलेशनमध्ये पार्ट सहसा न वाकणारे धरतात. फ्रेम थरथरेल का, रॉड वाकेल का, यासाठी वेगळं स्ट्रेस ॲनालिसिस लागतं. मोशनमधून मिळालेला जोर तिथे वापरायचा. वेल्डिंगने फ्रेम ओढली जाते, पिन आणि बुशमध्ये ढिलाई असते, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पावसाळ्यात कागद ओल धरतो. यातलं काहीही सॉफ्टवेअर स्वतःहून धरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या कागदाला किती जोर लागतो हे सॉफ्टवेअरला माहीतच नाही. ते तुम्हाला मोजून द्यावं लागतं. एखाद्या वर्कशॉपमध्ये गेज असलेला हायड्रॉलिक प्रेस असेल तर तुमची डाय आणि तुमचा कागद घेऊन जा, दाबून बघा, गेजवरचा आकडा लिहून आणा. गेज प्रेशर दाखवत असेल तर त्याला सिलिंडरच्या क्षेत्रफळाने गुणायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण तो एक आकडा चुकला तर बाकी सगळं सिम्युलेशन सुंदर आणि निरुपयोगी.

मिस्त्रींचा अनुभव असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षं मशीन बनवणाऱ्या मिस्त्रींना बोटांनी कळतं ते मला ग्राफ बघूनही कळत नाही. ते शंभर वेळा बनवलेलं मशीन पुन्हा बनवून देत असतील तर सिम्युलेशनच्या फंदात पडू नका. सरळ त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे जा, तुमचा कागद त्या मशीनवर तासभर चालवून बघा. त्याच्याइतकी चांगली चाचणी दुसरी नाही.

सिम्युलेशन लागतं ते नेहमीच्या वाटेवरून बाजूला होताना. एका डायच्या जागी दोन डाय, वेग ४० वरून ६०, स्ट्रोक वाढवायचा, कागद आपोआप सरकवायची यंत्रणा जोडायची. इथे मिस्त्रींनाही अंदाजच बांधावा लागतो, आणि तो अंदाज तुमच्या पैशांवर तपासला जातो. अशा वेळी ग्राफ घेऊन मिस्त्रींसमोर बसा. "काका, इथे पिनवर एवढा जोर दिसतोय, तुमचं काय मत?" असं विचारा. मी पाहिलंय की आकडा समोर ठेवला की अनुभवी माणूस दहा मिनिटांत असा बदल सुचवतो, जो डिझायनरला सुचला नसता.

सॉफ्टवेअर आणि लायसन्स

शिकायला महागडं पॅकेज लागत नाही. फ्रीकॅड मोफत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून त्यात असेंब्लीची सोय सोबतच येते. जोड कसे द्यायचे, हे शिकायला पुरेसं आहे. फ्यूजनचं मोफत वैयक्तिक लायसन्स आहे, पण ते बिगर-व्यावसायिक कामासाठी, आणि त्यात वर्षाला १,००० अमेरिकी डॉलरच्या आतल्या कमाईची अट आहे. गिऱ्हाइकाचं काम त्यावर करू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर अजिबात नको. कंपन्या नोटिसा पाठवतात, आणि नवीन धंद्याला पहिल्याच वर्षी वकिलाची फी परवडत नाही.

रीतसर शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या सरकारी टूल रूममध्ये कॅडचे कोर्स असतात. तिथे मशीन शॉप शेजारीच असतं, त्यामुळे स्क्रीनवरचा पार्ट आणि हातातला पार्ट यांची ओळख एकाच वेळी होते.

ऑर्डर देण्याआधी या पाच गोष्टी लेखी मागा

१. मोटर टॉर्कचा ग्राफ, किमान तीन पूर्ण फेऱ्यांचा, कामाच्या जोरासकट.
२. धरलेल्या आकड्यांचा एक कागद: जोर किती, तो कुठून आला, वजनं, घर्षण, वेग.
३. प्रत्येक पिनवरचा आणि गाइडवरचा जास्तीत जास्त जोर.
४. पूर्ण फेऱ्यात कुठेही पार्ट एकमेकांना लागत नाहीत, याचा तपासणी निकाल.
५. मोटर, गिअर, फ्लायव्हील असेच का निवडले, याचं साध्या मराठीत चार ओळींचं स्पष्टीकरण.

पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीच्या फाइलला मशीनचं कोटेशन जोडताना हे पाच कागदही स्वतःजवळ ठेवा. बँकेला कदाचित लागणार नाहीत. पण मशीन आल्यावर "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" हे वाक्य ऐकू आलं, तर तुमच्याकडे उत्तर असेल. हप्ता मशीन चालण्याची वाट बघत नाही, तो ठरलेल्या तारखेला येतोच.

आणि ज्यांना डिझाइन सेवा हाच धंदा करायचाय, त्यांच्यासाठी एक सल्ला. व्हिडिओ विकू नका. तो आज कोणीही स्वस्तात करून देतो आणि उद्या आणखी स्वस्तात देईल. वरचे पाच कागद विका, त्यावर सही करा, आणि मशीन चालू होताना मोटरचा करंट मोजायला स्वतः हजर राहा. तुमचा आकडा आणि क्लॅम्प मीटरचा आकडा जुळला की तो कारखानदार पुढचं काम दुसऱ्या कोणाला देणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या मनातल्या मशीनचा जोर, स्ट्रोक आणि वेग एका कागदावर लिहा आणि जोर गुणिले त्रिज्या एवढा एकच हिशोब करा. पुढच्या व्हिडिओत मोटरला टॉर्क देऊन फ्लायव्हील तपासायचं कसं, ते बघू. तेव्हा हा कागद जवळ ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण हिशोबाने करा.